अण्णांची बेरीज

कॉलेजच्या पहिल्या वर्षाला मी आणि माझे वडील एकाच वर्गात होतो, आणि मी त्यांच्या शेजारी बसायला साफ नकार दिला होता. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. नाहीतर पुढचं सगळं ऐकून लोक माझीच कीव करू लागतात, आणि मला त्याचा राग येतो.

जयनगरच्या त्या कॉलेजात मी दिवसा बी. कॉम. करत होते. पहिल्या वर्षाला आम्हाला जगातल्या सगळ्याच गोष्टींचा परिचय करून देत. व्यवसायाचा परिचय, व्यापारी कायद्याचा परिचय, सामान्य विज्ञानाचा परिचय. इतके परिचय झाले, पण ओळख म्हणावी अशी एकाशीही झाली नाही. नव्वदचं दशक निम्मं सरत आलं तेव्हा त्यात चौथ्याची भर पडली, संगणकाचा परिचय. तो वर्ग संध्याकाळी सहा ते आठ भरे आणि बाहेरच्यांनाही खुला होता. बाहेरचे म्हणजे बँकेतले, विमा कंपनीतले, सरकारी कारखान्यांतले चाळिशी-पन्नाशीचे लोक. ऑफिसातून सुटले की डबा हातात घेऊन तसेच यायचे. त्यांच्यात माझे वडील होते.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. आमचं घराणं बंगळूरमध्ये इतक्या पिढ्या मुरलेलं की मूळ गाव कुठलं ते विचारलं तर आजोबासुद्धा हात वर करायचे. घरात बोलायचो मराठीच, पण निम्मे शब्द कन्नड असत आणि ते कन्नड आहेत हे आम्हाला कुणी सांगेपर्यंत ठाऊक नसे. अण्णा हेब्बाळच्या पुढे एका कारखान्यात टायपिस्ट होते. सत्तावीस वर्षं एकच टेबल, एकच खुर्ची. मशीन तेवढं मध्ये एकदा बदललं होतं. अण्णांनी टाइप केलेल्या कागदावर खाडाखोड झालेली कुणी पाहिली नव्हती. दिल्लीला जायचं महत्त्वाचं पत्र असलं की ते वाट वाकडी करून अण्णांच्याच टेबलावर येई. हे आम्हाला माहीत असायचं कारण जेवताना अण्णा ते आम्हाला सांगत, आणि आई म्हणायची, "आयतु, झालं की, पुरे आता. भात थंड होतोय."

त्या वर्षी कारखान्यात नोटीस लागली. टायपिंग विभाग बंद होणार. जूनअखेरपर्यंत जे संगणकाचं प्रमाणपत्र आणतील त्यांना नव्या विभागात घेणार, बाकीच्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यायचा. अण्णा तेव्हा एकावन्न वर्षांचे होते. घर कसं चालेल याची काळजी आईला लागली. अण्णांना लागली ती वेगळीच. त्यांना रोज सकाळी उठून त्या टेबलाशी जायचं होतं. दुसरं काही त्यांना येत नव्हतं, आणि दुसरं काही यावं असं कधी वाटलंही नव्हतं.

त्यांनीच मला गळ घातली. "तूही नाव घाल की पुट्टी. दोघं एका बसनं परत येऊया." पुट्टी म्हणजे लहानगी. मी अठरा वर्षांची झाले तरी त्यांच्या लेखी लहानगीच होते. मी नाव घातलं.

संगणकाची खोली हे त्या कॉलेजचं देवघर होतं. चपला बाहेर, पडदे ओढलेले, एसी चालू. दहा यंत्रं आणि आम्ही वीसजण, म्हणजे एका यंत्रापुढे दोघं. शिकवायला पुण्याहून आलेला एक तरुण होता. दिवसा कुठल्याशा कंपनीत नोकरी करायचा, संध्याकाळी आम्हाला शिकवायचा. आम्ही मराठी आहोत हे कळल्यावर त्याला कोण आनंद झाला. मग आमचं मराठी ऐकून तो आनंद हसण्यावर गेला. "तुमचं मराठी कसलं क्यूट आहे हो काका! 'स्वल्प सर' काय, 'सरी' काय!" स्वल्प म्हणजे जरा, सरी म्हणजे बरं, ठीक. अण्णाही हसले. मी हसले नाही.

पहिल्या दिवशी त्यानं सगळ्यांना एक परिच्छेद टाइप करायला दिला. बाकीचे एकेक अक्षर शोधून टिचकी मारत होते आणि अण्णा पाठ ताठ ठेवून, नजर कागदावर, पावसाची सर यावी तसे सुटले. बाकीच्यांनी टिचक्या थांबवून माना वळवल्या. क्षणभर मला फार अभिमान वाटला. तेवढ्यात ओळ संपली, आणि अण्णांचा डावा हात सवयीनं वर उठला आणि लिव्हर सरकवायला गेला. टाइपरायटरला ओळ संपली की तो दांडा ओढायचा असतो. इथे दांडा नव्हता. हात हवेत फिरून खाली आला. मागच्या रांगेतल्या माझ्या वर्गमैत्रिणी फिसकन हसल्या. पुढच्या ओळीला पुन्हा हात उठला. पुन्हा हसू.

दुसऱ्या दिवशी मी जाऊन मैत्रिणीशेजारी बसले. आदल्या रात्री बसमधून उतरतानाच अण्णांना सांगितलं होतं, "मी तुमच्या शेजारी बसणार नाही. मला अभ्यास होत नाही." ते म्हणाले, "सरी. तुझ्या वयाच्यांबरोबर बस." एवढंच. त्यांना खरं कारण कळलं होतं की नाही हे मी तेव्हा विचारलं नाही, नंतर विचारायची हिंमत झाली नाही.

त्यांच्या शेजारी मग जे. पी. नगरहून येणाऱ्या बँकेतल्या एक बाई बसू लागल्या. दोघांनी कामं वाटून घेतली. पत्रं, मजकूर असेल ते अण्णा करत. आकड्यांचे तक्ते आले की अण्णा कागदावरून वाचून दाखवत आणि बाई टाइप करत, कारण आकड्यांची सवय बाईंना होती. तक्त्याचं तत्त्व अण्णांना चोख समजलं होतं. मजकूर लिहिला तर तो चौकटीत डावीकडे बसतो, आकडा लिहिला तर उजवीकडे. बेरजेचं सूत्र घातलं की यंत्र उजवीकडचं सगळं मोजतं आणि डावीकडच्याला शून्य समजतं. हे सगळं त्यांनी वहीत देखण्या अक्षरात उतरवून घेतलं होतं. मी रोज रात्री त्यांना तोंडी प्रश्न विचारायचे आणि ते पटापट उत्तरं द्यायचे. आईला म्हणायचे, "पास होतोय बघ मी."

परीक्षा एप्रिलमधल्या एका रविवारी सकाळी होती. त्या दिवशी एका यंत्रापुढे एकजण. आमची निम्म्यांची तुकडी आधी. परीक्षक म्हणून दुसऱ्या कॉलेजातल्या एक बाई आल्या होत्या. आल्या आल्या त्यांनी कन्नडमध्ये बजावलं की मातु बेडा, बोलणं नको. कुणी बोललं तर बोलणारा आणि ऐकणारा दोघंही बाहेर जातील. आमच्या पुण्याच्या सरांना तर त्यांनी आतही येऊ दिलं नाही. अण्णा पहिल्या रांगेत होते, मी तिसऱ्या रांगेत, थोडी तिरकी. मला त्यांची पाठ दिसत होती, आणि खांद्यावरून संगणकाचा पडदा.

शेवटचा प्रश्न तक्त्याचा होता. गोदामातल्या अकरा वस्तूंच्या खोक्यांची संख्या भरायची, सूत्र घालून बेरीज काढायची आणि कागदावर छापून द्यायची. सगळ्यात सोपा प्रश्न. मी तो करून बेरीज पाहिली, बाराशे शहाण्णव. मग हात मांडीवर ठेवून अण्णांकडे बघत बसले.

अण्णांचंही भरून झालेलं होतं. त्यांच्या पडद्यावर खाली बेरीज होती, सातशे एक्केचाळीस. हा आकडा मला नंतर त्यांच्याकडूनच कळला.

अण्णांनी प्रश्नपत्रिकेच्या कडेला पेन्सिलीनं हातबेरीज केली. त्यांना ती बोटांवर न मोजता येई. मग पडद्यावरचा एकेक आकडा बोट ठेवून प्रश्नपत्रिकेशी ताडून पाहिला. मान हलवली. सगळा तक्ता पुसून टाकला आणि नव्यानं भरला, तेवढ्याच वेगात, कळा न बघता. सातशे एक्केचाळीस. पुन्हा पुसला. पुन्हा भरला. सातशे एक्केचाळीस.

एव्हाना मला दिसलं होतं. इतक्या लांबून आकडे वाचता येत नव्हते, पण ते कसे बसलेत ते दिसत होतं. सहा आकडे उजवीकडे नीट एकाखाली एक होते. पाच डावीकडे सरकलेले. मी प्रश्नपत्रिका पाहिली. एकशे पंचेचाळीस, एकशे वीस, अठरा, एकशे बहात्तर, शंभर. सगळे एकनं सुरू होणारे.

अण्णांच्या टाइपरायटरवर एकची कळच नव्हती. जुन्या मशीनवर नसायचीच. आकड्यांची रांग दोनपासून सुरू व्हायची आणि एक हवा असला की टायपिस्ट लहान लिपीतला इंग्रजी एल मारायचे. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. शाळेच्या सुट्टीत घरच्या मशीनवर अण्णांनी मलाही तसंच शिकवलं होतं. सत्तावीस वर्षं त्यांच्या उजव्या हाताचं तिसरं बोट एकसाठी त्या एकाच जागी गेलं होतं, आणि आताही तिथेच जात होतं. संगणकाला मात्र तो एल म्हणजे अक्षर होतं, आकडा नव्हताच. म्हणून तो पाचही आकडे बाजूला टाकत होता. अण्णा तीनदा, दहादा, शंभरदा भरते तरी तेच होणार होतं. चूक ते बघत होते आणि ती त्यांना दिसत नव्हती.

मला एक शब्द बोलायचा होता. मराठीत बोलले असते तर परीक्षक बाईंना कळलंही नसतं काय बोलले ते. पण बोलले हे कळलं असतं, आणि दोघंही बाहेर. माझं काय, माझं प्रमाणपत्र कुणी मागितलं नव्हतं. अण्णांचं गेलं असतं. असं मी तेव्हा मनाशी म्हटलं. खरं सांगायचं तर मला भीती वाटली, इतक्या लोकांसमोर उभं करतील याची भीती. बाकीची कारणं त्या भीतीनंच हाताशी आणून दिली.

पाणी प्यायला जायचं निमित्त करावं, जाता जाता त्यांच्या यंत्राच्या कोपऱ्यातल्या एकवर बोट ठेवावं, असं मनात आलं. मी हात वर केला. बाई कन्नडमध्ये म्हणाल्या, "झालं ना तुझं? मग कागद दे आणि जा." त्यांनी स्वतः येऊन माझा कागद घेतला आणि मागच्या दाराकडे बोट केलं. दारातून वळून पाहिलं तेव्हा अण्णा नेमके माझ्याकडेच बघत होते. मी डोळ्यांनी काहीतरी सांगायचा प्रयत्न केला. काय सांगणार डोळ्यांनी? ते हसले. त्यांना वाटलं मी विचारतेय, जमतंय ना.

वीस मिनिटांनी ते बाहेर आले ते खुशीत. चप्पल घालता घालता म्हणाले, "यंत्राला बेरीज येत नाही बघ. सातशे एक्केचाळीस म्हणे! मी ते सूत्र पुसलं आणि आपली बरोबर बेरीज लिहून दिली. चूक कागद माझ्या हातून कसा जाईल?"

तीन आठवड्यांनी निकाल लागला. अण्णा सहा गुणांनी नापास झाले. आम्ही सरांना भेटायला गेलो तेव्हा त्यांनी डोक्याला हात लावला. "काका, सूत्राचेच तर मार्क होते! तुम्ही ती चुकीची बेरीज तशीच ठेवली असती ना, तरी आरामात पास झाला असतात. तुम्ही हातानं आकडा लिहिलात म्हणून त्या प्रश्नाला सरळ झीरो."

"पण ती बेरीज चूक होती," अण्णा म्हणाले.

"असू दे ना चूक!"

"असं कसं असू दे?"

सरांनी सांगितलं की जूनच्या पहिल्या आठवड्यात फेरपरीक्षा आहे, म्हणजे कारखान्याच्या मुदतीच्या आत. अण्णांनी तिथल्या तिथे अर्ज भरला. परत येताना बसमध्ये त्यांचा चेहरा लाल झाला होता, पण पडलेला नव्हता. "या वेळी त्या परीक्षक बाईंनाच शेजारी उभं करतो. म्हणावं, बघा, आकडे बरोबर आणि तुमचं यंत्र चुकतंय." पुढचे पंधरा दिवस त्यांनी ही गोष्ट वाण्याला सांगितली, इस्त्रीवाल्याला सांगितली, आमच्याकडे आलेल्या प्रत्येकाला सांगितली. ते भांडायच्या तयारीत होते. आई म्हणाली की अण्णांना इतकं तरतरीत तिनं लग्नानंतर पाहिलं नव्हतं.

ते सांगताना रंगात आलेले असायचे, आणि माझ्या जिभेवर ते एवढंसं वाक्य बसलेलं असायचं. सांगावं तर त्यांचा तोरा उतरणार. न सांगावं तर ते जूनमध्ये पुन्हा जाणार, पुन्हा तेच बोट तिथेच पडणार, आणि मग नोकरी जाणार. मला वाटायचं, त्यांच्या शेजारी बसले असते तर दुसऱ्याच आठवड्यात हे हसण्यावारी गेलं असतं. तेही पुन्हा पुन्हा वाटायचं. शेवटी परीक्षेच्या चार दिवस आधी मी ठरवलं की सांगायचंच. यातून त्यांची नोकरी वाचेल. इतकं सोपं आहे, एक कळ लक्षात ठेवायची की झालं.

सकाळची वेळ होती. अण्णा पेपर वाचत होते. मी घरच्या टाइपरायटरवरचं झाकण काढलं, कागद लावला आणि म्हटलं, "अण्णा, स्वल्प इकडे या. एकशे वीस टाइप करा बघू."

त्यांनी उभ्याउभ्याच केलं.

"आता यातला एक कुठे आहे ते दाखवा."

"एक कुठे असतो यात? एल..." ते बोलायचे थांबले.

त्यांचं बोट त्या कळेवर तसंच होतं. मी घाईघाईनं सगळं सांगून टाकलं, डावीकडचे पाच आकडे, यंत्र अक्षराला कसं मोजत नाही ते, संगणकावर एकची वेगळी कळ कुठल्या कोपऱ्यात आहे ते. म्हटलं, "एवढंच तर आहे अण्णा. एवढं सांभाळलं की डोळे मिटून पास होता."

"तुला केव्हा कळलं?"

"परीक्षेत. मागून दिसत होतं."

ते रागावतील असं वाटलं होतं. रागावले असते तर बरं झालं असतं. ते खाटेवर बसले आणि म्हणाले, "म्हणजे यंत्राची बेरीज बरोबर होती."

"हो, पण..."

"मी दिलं तेवढंच त्यानं मोजलं." मग म्हणाले, "कागदावर चूक झाली तर मला बोटातच कळायचं, पुट्टी. बघायला लागायचं नाही. ही तीनदा केली. बोट ठेवून बघितली. दिसली नाही."

मी म्हटलं, आता दिसेल की. आता माहीत आहे ना. मी तुमच्याकडून रोज करून घेते, चार दिवस आहेत. मी बोलत राहिले. ते मान डोलवत होते, पण ऐकत नव्हते. यंत्र चुकतंय असं वाटत होतं तोवर ते त्या यंत्राशी झुंजायला निघालेले होते. आपण चुकलो आणि ते आपल्याला दिसत नाही हे कळल्यावर झुंजायला काही राहिलं नाही. हे मला आधी कळायला हवं होतं. आईला कळलं होतं बहुतेक. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी काहीतरी फोडलंय.

फेरपरीक्षेच्या दिवशी अण्णा निघाले नाहीत. मी तयार होऊन दारात उभी होते. म्हणाले, "बेडा. मी नाही येत." आई बोलली, मी रडले, दुपारी सरांनी शेजाऱ्यांकडे फोन केला. अण्णांनी सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतलं. त्यांना कुणी काही पटवून देऊ शकलं नाही, कारण ते वाद घालतच नव्हते.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात त्यांनी मला टाइपरायटरशी बसवलं. निवृत्तीचा अर्ज करायचा होता. "तूच कर. माझ्या हातांवर माझा भरवसा नाही." ते सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. मी माझ्या स्वेच्छेने, कुणाच्याही दबावाशिवाय, असं एक वाक्य त्यात होतं. व्यापारी कायद्याच्या पुस्तकात मी ते प्रकरण पाठ केलं होतं. संमती केव्हा मुक्त मानावी आणि केव्हा नाही, त्याची पाच कलमं होती. मुलगी खरं बोलली तर काय धरायचं, हे त्या पाचांत कुठे नव्हतं.

शेवटी तारीख घालायची होती. वर्षाशी आले आणि माझं बोट आपसूक एलवर गेलं. त्या मशीनवर दुसरं काही नव्हतंच. अण्णा माझ्या मागे उभे राहून बघत होते. त्यांनी ते पाहिलं. मी थांबले.

"सरी आहे," ते म्हणाले. "पुढे कर."

मी उरलेले आकडे मारले. त्यांनी कागद काढून खिडकीजवळ नेला, वरपासून खालपर्यंत दोनदा वाचला आणि माझ्याकडे पेन मागितलं.